बचत गटात अडीनडीचा पैसा वेगळा कसा काढायचा आणि तो वेळेवर बाईच्या हातात कसा पोचवायचा

गट चांगला चाललाय, बचत दर महिन्याला जमते, बँकेचा हप्ता पण चुकत नाही, आणि तरी गटातल्या एखाद्या ताईच्या घरात कोणी आजारी पडलं की ती आधी सावकाराच्या दारात जाते नाहीतर मायक्रोफायनान्सवाल्या सरांना फोन लावते. असं का होतं हे बऱ्याच गटांना विचारलं की उत्तर येतं, "आम्ही दिले असते ना, तिने मागितलेच नाहीत." तिने मागितले नाहीत कारण तिला माहितीये की बैठक पाच तारखेला झाली, पोरगं तापाने फणफणलं एकोणीसला, पुढची बैठक लांब आहे, कोषाध्यक्षीणबाई माहेरी गेल्यात आणि पेटीत शिल्लक किती तर तीनशे चाळीस रुपये.

म्हणजे गटाकडे पैसा नसतो असं नाही, वेळेला नसतो. हे सुधारायला मोठा फंड लागत नाही, फक्त काही गोष्टी संकट यायच्या आधी ठरवून, ठराव करून, लिहून ठेवाव्या लागतात. खाली जे सांगतोय ते उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) गट असो, माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) असो की कोणाशीच न जोडलेला वाडीवरचा गट असो, सगळ्यांना लागू पडेल.

आधी बघा पैसा अडकलाय कुठे

एक साधा हिशोब धरू. बारा जणींचा गट, महिन्याला २०० रुपये बचत. महिन्याचे २,४०० झाले, दोन वर्षांत ५७,६००. वर व्याज, दंड धरले तर अजून थोडे. एवढा पैसा असताना पेटी रिकामी का? कारण आपल्याला शिकवलंच तसं जातं, पैसा पडून राहू देऊ नका, अंतर्गत कर्ज फिरवा. पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशोब हे पाचही आहेत, आणि अंतर्गत कर्ज जास्त म्हणजे ग्रेडिंग (गटाला मिळणारे गुण) चांगलं, त्यामुळे बैठकीत जेवढे जमले तेवढे तिथल्या तिथे वाटून मोकळं होतात. चूक नाहीये ते, फक्त त्यात अडीनडीला जागा राहत नाही. शेळी घ्यायला, मशीन घ्यायला दिलेला पैसा वर्षभर तिकडेच असतो.

तर पुढच्या बैठकीत पहिलं काम हे करा, कर्ज खातेवही उघडा आणि मागच्या वर्षभरात कोणी कशासाठी कर्ज घेतलं ते मोठ्याने वाचा. आणि मग विचारा की याच वर्षात कोणी कोणी बाहेरून उचललं, कशासाठी, किती टक्क्याने. नावं घेऊन विचारू नका, बाया सांगत नाहीत, लाज वाटते. चिठ्ठ्या टाकायला लावा, त्यात फक्त कारण आणि रक्कम. दवाखाना २,०००, दवाखाना ३,०००, मयतीचा खर्च ५,०००, असं काय काय निघेल. गटाला किती रकमेची सोय लागते त्याचा अंदाज या चिठ्ठ्यांवरून येतो, पुस्तकातून येत नाही.

ती रक्कम लहान का असावी

इथे लोक गडबड करतात, पहिल्याच झटक्यात पन्नास हजारांचा आपत्कालीन फंड करायला निघतात आणि वर्षभरात सोडून देतात. अडीनडीच्या वेळी पहिल्या दोन दिवसांत लागणारी रक्कम बहुतेक वेळा दोन ते पाच हजारांत असते, गाडीभाडं, तपासण्या, औषधं, सोबत राहणाऱ्या माणसाचं जेवणखाण. मोठा खर्च नंतर येतो आणि त्याला वेगळे रस्ते आहेत, ते पुढे सांगतो.

पण हेच तीन हजार सावकाराकडून घेतले तर काय होतं बघा. शेकडा १० ने महिन्याला ३०० व्याज. सावकार थोडं थोडं मुद्दल सहसा घेत नाही, एकदम आण म्हणतो, मग तीन महिन्यांत ९०० गेले आणि ३,००० तसेच उभे. गटातून शेकडा २ ने घेतले आणि महिन्याला हजार हजार फेडले तर व्याज ६०, मग ४०, मग २०, एकूण १२० रुपये, आणि विषय संपला. हा हिशोब बैठकीत फळ्यावर मांडून दाखवा. त्या ७८० रुपयांच्या फरकात एका पोराची वह्या-पुस्तकं येतात.

निधी उभा करायचे दोन रस्ते, दोन्ही एकदम वापरा

पहिला, दर बैठकीला बचतीव्यतिरिक्त प्रत्येकीने २० रुपये जादा. बारा जणींचे २४०, वर्षाचे २,८८०. हे पैसे बचतीत धरायचे नाहीत, कोणाच्या पासबुकात तिच्या नावावर चढवायचे नाहीत, हा गटाचा सामायिक निधी. आफ्रिकेत नायजर देशात १९९१ मध्ये केअर या संस्थेने गावातल्या बायकांबरोबर जे बचत गट सुरू केले आणि जे नंतर कितीतरी देशांत पसरले, त्यांच्या पद्धतीत हीच युक्ती आहे, कर्जाचा फंड वेगळा आणि दुःखसुखाचा छोटा फंड वेगळा, पेटीला तीन कुलपं आणि चाव्या तीन वेगळ्या बायांकडे. आपल्याकडे गटाचं बँक खातं असतं म्हणून पेटीचं एवढं महत्त्व राहिलं नाही, पण दोन फंड एकमेकांत मिसळायचे नाहीत हे तत्त्व उचलण्यासारखं आहे.

दुसरा, गटाच्या स्वतःच्या फंडातले साधारण दहा टक्के कर्जाला द्यायचेच नाहीत असं ठरवा. वरच्या उदाहरणात ते साडेपाच-पावणेसहा हजार होतात. दोन्ही मिळून वर्षाच्या शेवटी आठ-साडेआठ हजार हाताशी राहतात, म्हणजे एका वेळी दोन घरांची नड भागते. दंडाची रक्कमही यातच टाकली तर बरं, नाहीतर दंडाचे पैसे चहा-वड्यात जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ठराव असा लिहा, शब्द तुमचे घाला: "आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, गटाचा अडीनडी निधी सुरू करण्यात येत आहे. प्रत्येक सभासद दर बैठकीस २० रुपये भरेल. ही रक्कम परत मिळणार नाही व दिवाळीच्या वाटपात धरली जाणार नाही. एका सभासदास एका वेळी जास्तीत जास्त ३,००० रुपये बैठकीशिवाय देता येतील. त्यास अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींची संमती पुरेशी राहील. पुढील बैठकीत त्याची नोंद व मंजुरी घेण्यात येईल." खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे.

"दिवाळीच्या वाटपात धरली जाणार नाही" हे वाक्य गाळू नका. बऱ्याच गटांत दिवाळीला व्याज वाटून घेतात, त्यात काही वाईट नाही, हक्काचे पैसे आहेत. पण त्या दिवशी समोर दिसणारा प्रत्येक रुपया वाटावासा वाटतो, आणि जानेवारीत मग पेटीत काहीच नसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गटात तर दिवाळीनंतर अर्धा गटच गावात नसतो. त्यांच्यासाठी एक वेगळी सोय करा, ज्या टोळीसोबत गटातल्या दोघी-तिघी जाणार आहेत त्यातल्या एकीच्या खात्यावर थोडी रक्कम, हजार-दीड हजार, ठराव करून पाठवून ठेवा. फडावर पोर आजारी पडलं तर मुकादमाकडून अजून उचल घ्यायची वेळ येऊ नये म्हणून. मुकादमाची उचल पुढच्या हंगामापर्यंत मानेवर बसते.

पैसा ठेवायचा कुठे

गटाच्या खात्यावर ठेवला की सुरक्षित, पण काढायला दोन सह्या, बँक चालू असायला पाहिजे आणि शाखा बारा किलोमीटरवर. रात्री दहाला त्याचा काय उपयोग. म्हणून निधीचे दोन भाग करा. तीनेक हजार रोख घरात, तेही एकीकडे नाही, दोघींकडे दीड-दीड हजार, आणि त्या दोघी वेगवेगळ्या आळीत राहणाऱ्या असाव्यात. बाकीचे बँकेत. ज्यांच्याकडे रोख आहे त्यांनी दर बैठकीला नोटा मोजून दाखवायच्या, विश्वास आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. ज्या घरात दारूचा त्रास आहे तिथे रोख ठेवू नका, त्या बाईवर अविश्वास म्हणून नाही, तिलाच त्याचा मार बसतो म्हणून.

फोन पेने पाठवायचं असेल तर पदाधिकारी बाई स्वतःच्या नंबरवरून पाठवते, मग गटाकडून तिला परत, अशी पद्धत चालते. फक्त स्क्रीनशॉट घेणारीचं नाव झाकून ग्रुपवर टाकायचा आणि त्याच आठवड्यात नोंद करायची. नवऱ्याच्या किंवा पोराच्या फोनवरून व्यवहार नकोच.

कशाला द्यायचा आणि कशाला नाही

माझं मत थोडं कडक आहे. अचानक आलेलं आजारपण, अपघात, बाळंतपणातली गुंतागुंत, मयत, घर पडणं-जळणं, दुभतं जनावर मरणं, अचानक मजुरी बंद पडणं, एवढ्यालाच. लग्न, बारसं, जूनमधली शाळेची फी, पेरणीचं बियाणं हे खर्च येणार हे आपल्याला सहा महिने आधी ठाऊक असतं, त्याला गटाचं नेहमीचं कर्ज आहे, त्याची मागणी आधीच्या बैठकीत नोंदवायची. यावरून भांडणं होतात, होऊ द्या, पण ठराव करताना होऊ द्या, एखादी दारात उभी असताना नको.

अजून एक, कारण खोदून विचारू नका. गर्भपात झालेला असतो, नवऱ्याने मारलेलं असतं, मुलीचं काही प्रकरण असतं. रजिस्टरला फक्त "दवाखाना" किंवा "घरगुती अडचण" लिहा. एकदा जरी कोणाची गोष्ट गटातून गावभर झाली की पुढच्या वेळी ती बाई सावकाराकडेच जाणार, कारण तो निदान गप्प बसतो. मारहाणीचं असेल तर पैशाबरोबर १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर पण द्या.

फोन आला की काय करायचं

समजा रात्री फोन आला, सासऱ्यांच्या छातीत दुखतंय. पैशाच्या आधी १०८ ला फोन लावायला सांगा, ती अँब्युलन्स फुकट आहे आणि खाजगी गाडीवाला रात्रीचे किती मागेल ते तुम्हाला माहितीये. बाळंतीणीसाठी १०२. मग विचारा की रेशन कार्ड आणि आधार सोबत घेतलंय का, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा आजार असेल आणि दवाखाना योजनेत असेल तर उपचाराचा मोठा खर्च तिथेच वाचतो. दवाखान्यात गेल्यावर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला भेटायचं, डिपॉझिट भरायच्या आधी भेटायचं, नंतर नाही. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८, तो गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हे झालं की मग पैसा. जिच्याकडे रोख आहे ती दुसऱ्या एका पदाधिकारीणीला फोन करते, दोघींचं हो झालं की रक्कम देते, एका साध्या कागदावर तारीख, रक्कम, सही घेते. बस. अर्ज, जामीनदार, नवऱ्याची सही असलं काही मागू नका. मोबाईलवर ग्रुप असेल तर तिथे एवढंच टाका, "अडीनडी निधीतून २,५०० दिले, तपशील बैठकीत." नाव टाकायची गरज नाही.

तीन हजारांपेक्षा जास्त लागत असतील तर बाकीच्या सभासदांना फोनवर विचारा, निम्म्यापेक्षा जास्त हो म्हणाल्या तर पाच हजारांपर्यंत जाऊ द्या, हेही वरच्या ठरावात लिहून ठेवा. त्याच्या वर नको, कितीही जवळची असली तरी. एकाच घरात सगळा निधी गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे मयत झाली की गट फुटायची वेळ येते.

परतफेड

पहिला महिना काहीच मागायचं नाही, दवाखान्यातून आलेल्या घराकडे तेव्हा काही नसतंच. मग तीन हप्ते. व्याज ठेवायचं की नाही यावर दोन मतं आहेत, मला वाटतं शेकडा १ ठेवावं, अगदी बिनव्याजी केलं की लोक घेऊन फेडायचं विसरतात आणि २ ठेवलं तर नेहमीच्या कर्जात नि यात फरक काय राहिला. तीन हप्त्यांत नाही जमलं तर उरलेली रक्कम गटाच्या नेहमीच्या कर्जात वळती करून घ्या, म्हणजे नेहमीच्या फंडातून अडीनडी निधीला पैसे परत जातात आणि निधी पुन्हा भरतो. ही वळती करायची गोष्ट फार कमी गट करतात, पण निधी जिवंत राहतो तो यानेच.

पहिलं फिटलं नसताना दुसरी अडचण आली तर? द्या, पण दोन्ही मिळून मर्यादेच्या आत. आणि त्या घराला खरंच मदत हवीये की दर दोन महिन्यांनी दुसऱ्या कोणासाठी उचललं जातंय हे शांतपणे बघा. जाऊबाईने, दिराने ताईच्या नावावर काढायला लावलेले पैसे फेडताना मात्र ताई एकटी असते.

सभासदच वारली तर काय, हेही आधी ठरवा. प्रत्येकीच्या पासबुकात वारसाचं नाव लिहून घ्या. तिची बचत आणि तिचं कर्ज यांचा हिशोब होईल तेव्हा होईल, पण दहाव्याच्या आत त्या घरी जाऊन थकबाकीचा विषय काढायचा नाही असा ठराव काही गटांनी केलाय, चांगला आहे.

नोंदीबद्दल थोडक्यात, अडीनडी निधीला वेगळं पान, त्यावर जमा, दिले, परत आले, शिल्लक, आणि शिल्लकेचा आकडा दर बैठकीला मोठ्याने वाचायचा. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांना तो आकडा तोंडपाठ असतो, असायलाच पाहिजे.

सगळ्यांवर एकदम आलं तर

वरचं सगळं एका-दोघींच्या संकटाला पुरतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, किंवा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचीच मजुरी एका दिवसात थांबली, तेव्हा बाराच्या बारा जणी एकाच वेळी मागणाऱ्या असतात आणि भरणारी कोणीच नसते. आठ हजार बारा जणींत वाटले तर साडेसहाशे-सातशे येतात. गटाची ताकद इथे संपते हे मान्य करायला हवं.

तरी तीन गोष्टी गटाच्या हातात असतात. एक, ठराव करून तीन महिने मुद्दल थांबवणं, दंड बंद करणं, जमलं तर फक्त व्याज घेणं. दोन, निधी समान न वाटता ज्या घरात लहान पोरं, म्हातारी माणसं, एकट्या बाया आहेत त्यांना आधी देणं, आणि हा क्रम पावसाळ्याआधीच ठरवणं. तीन, सभासदाला तिच्या स्वतःच्या बचतीतला काही भाग परत काढू देणं. बचत तिचीच आहे, आणि पुरात घर गेलेल्या बाईला स्वतःच्याच पैशावर व्याज भरायला लावणं मला पटत नाही.

कागदांचं पण बघा. गटाची रजिस्टरं, पासबुकं, प्रत्येकीचं आधार, रेशन कार्ड, सातबारा यांचे फोटो दोन वेगळ्या मोबाईलमध्ये, आणि शक्य असेल तर एक गावाबाहेरच्या कोणाकडे. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर. पंचनाम्याला तलाठी आले की कागद नाहीत म्हणून नाव राहून जातं.

गटाच्या बाहेरचे रस्ते

ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या गटांच्या संघात असाल तर तिथे व्हीआरएफ म्हणजे जोखीम प्रवणतेचा निधी असतो, तो याच कामासाठी आहे, उपासमार, आजारपण, आपत्ती. आपल्या ग्रामसंघात तो आलाय का, किती शिल्लक आहे, मागणी कशी करायची हे सीआरपी ताईंना (गावात गटांना मदत करणाऱ्या ताई) आत्ताच विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो नुसता खात्यावर पडून असतो कारण मागायला कोणी जात नाही.

बँकेचं म्हणाल तर कर्ज एकरकमी न घेता सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं मागा. मंजूर मर्यादेतले जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज लागतं, म्हणून सगळी मर्यादा पहिल्या दिवशी उचलून वाटून टाकू नका, थोडी मोकळी राहू द्या. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे उमेदच्या गटाला २० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवून पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. एखाद्या शाखेत "बचत अडकवूनच कर्ज मिळेल" असं सांगितलं तर नियम लेखी मागा, आवाज आपोआप खाली येतो.

मायक्रोफायनान्सचं कर्ज घेऊच नका असं मी म्हणणार नाही, कधी कधी तेच मिळतं. पण २०२२ च्या नियमाप्रमाणे घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत आणि वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. एका कंपनीचं फेडायला दुसरीचं काढलं की समजायचं आता गटात बोलायची वेळ झालीये.

सावकाराकडे आधीच अडकलेली ताई असेल तर तिला एवढं सांगा, महाराष्ट्रात २०१४ पासूनच्या सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळायची तरतूद आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात करायची. एकटीने जाऊ नये, गटाने सोबत जावं.

मयतीनंतरचे पैसे लोक सोडून देतात ते फार वाईट वाटतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, अर्ज तहसीलला. शेतकरी घरात अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत प्रस्ताव जायला हवा, म्हणजे दिवसकार्यं उरकेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. गटातल्या एकीने हे काम अंगावर घ्यायचं असं ठरवूनच टाका.

आणि मे महिन्याच्या बैठकीचा अजेंडा आत्ताच लिहून ठेवा. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे (आयुर्विमा) ४३६ आणि सुरक्षा विम्याचे (अपघात विमा) २० रुपये मे अखेरीस खात्यातून कापले जातात, दोन्हींचं संरक्षण २ लाखांचं आणि वर्ष १ जूनपासून धरतात. खात्यात त्या वेळी ४५६ रुपये नसतील तर विमा बंद पडतो आणि कोणी कळवायला येत नाही. १८ ते ५० वयाच्या ताईंना दोन्ही घेता येतात, ५० च्या पुढच्यांना नव्याने फक्त २० रुपयांवाला, तो ७० पर्यंत. २० मेच्या आत प्रत्येकीचं पासबुक भरून आणायचं, शिल्लक बघायची, आणि जिच्या खात्यात कमी असतील तिला तेवढे अपवाद म्हणून अडीनडी निधीतून द्यायचे, हप्ता एकच, जूनमध्ये परत.